प्रस्तावना : मधुमेह, यकृत आणि प्रत्यारोपणाआधीची पारख

यकृत प्रत्यारोपणाचा निर्णय पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयात होतो. पण मधुमेह असलेल्या माणसाच्या बाबतीत त्या निर्णयाचा बराचसा भाग आधीच्या दहा-पंधरा वर्षांत मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूर इथल्या दवाखान्यांतच ठरत आलेला असतो. लघवीतली प्रथिनं कधी कुणी तपासली का, डोळ्याचा पडदा पाहिला का, पायाची जखम किती महिने चिघळली, प्लेटलेट कमी आल्या तेव्हा ‘डेंग्यू नाही ना, मग काळजी नको’ म्हणून तो कागद बाजूला पडला का, या सगळ्याचा हिशेब प्रत्यारोपणाच्या वेळी एकदम समोर येतो. ही पुस्तिका जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या फॅमिली डॉक्टरांसाठी, परिचारिकांसाठी, आशाताईंसाठी आणि ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्या माणसांसाठी आहे. तपासण्यांची तपशीलवार माहिती पुढे येईलच. त्यांच्यामागचा विचार मात्र मला इथेच सांगायचा आहे. तो कळला नाही, तर तपासण्यांची यादी नुसती खर्चाची यादी वाटते आणि माणसं अर्ध्यावरून घरी परततात.

आपल्या भागात दोन समजुती घट्ट बसल्या आहेत. पहिली, शुगर असलेल्या माणसाचं लिव्हर बदलता येत नाही. ही समजूत सरळ चुकीची आहे. मधुमेह असलेल्यांची यकृत प्रत्यारोपणं जगभर होतात, महाराष्ट्रातही होतात. नुसता मधुमेह आहे म्हणून कुठलंही चांगलं केंद्र दार लावून घेत नाही. दुसरी समजूत जास्त फसवी आहे : शुगर कंट्रोलमध्ये आणली की प्रत्यारोपणाचा रस्ता मोकळा. प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांना आजची साखर हवी असतेच, पण ती दोन-तीन आठवड्यांत इन्सुलिन देऊन खाली आणता येते. त्यांना खरं जाणून घ्यायचं असतं ते हे, की इतक्या वर्षांच्या साखरेनं हृदयाचं, मूत्रपिंडांचं, नसांचं आणि स्नायूंचं काय केलं. हे नुकसान इन्सुलिनने आठवड्यात भरून येत नाही. म्हणून ही पारख लवकर सुरू व्हायला हवी, आणि ती इथेच सुरू होऊ शकते.

मधुमेहाचा आणि यकृताचा संबंध दुहेरी आहे. मधुमेहात यकृतावर चरबी साचते, काही जणांत त्या चरबीने सूज येते, सुजेचे व्रण होतात आणि व्रण वाढत वाढत सिरॉसिस होतो. उलट बाजूने, दारूने किंवा हिपॅटायटिस बी-सीने यकृत खराब झालेल्या माणसाला, आधी कधी नसलेला मधुमेह त्या यकृतामुळेच जडतो. खराब यकृत इन्सुलिनला दाद देत नाही, शिवाय आतड्यांकडून आलेलं रक्त यकृताला वळसा घालून पुढे निघून जातं. हा दुसरा प्रकार प्रत्यारोपणानंतर पुष्कळदा सौम्य होतो, काहींत मावळतोही. पहिला सहसा राहतोच. म्हणून ‘शुगर आधी लागली की कावीळ आधी झाली’ हा प्रश्न बाह्यरुग्ण विभागात इतक्यांदा विचारला जातो. घरच्यांनी तो नीट आठवून, वर्षासकट सांगितला, तर मोठी मदत होते.

‘आमचे आबा तर काटकुळे, त्यांच्या लिव्हरवर चरबी कुठून आली?’ हा प्रश्न इथे हमखास येतो. त्याचं उत्तर पुणे जिल्ह्यातच शोधलं गेलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. त्याआधी, १९९३ पासून, पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास याज्ञिक यांच्या गटाने सुरू केला होता. त्या बाळांचं वजन इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरंच कमी भरलं. स्नायू कमी होते, पोटाचे अवयव लहान होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. कष्टकरी घरात जन्मलेलं, अंगाने बारीक वाटणारं बाळ पुढे मधुमेहाकडे झुकण्याची तयारी घेऊनच येतं, हे या अभ्यासाने जगाला दाखवलं. कुकडीचं पाणी आलं, ऊस आला, द्राक्षं आणि टोमॅटो आले, ट्रॅक्टर आला, मोटारसायकल दारात आली. अंगमेहनत एका पिढीत उतरली, पण शरीर आधीच्याच पिढ्यांचं राहिलं. म्हणून आपल्याकडे वजनकाट्यावर विसंबता येत नाही. पॅन्टचा पट्टा बेंबीच्या खाली घसरलेला, हात-पाय काटकुळे आणि मधोमध पोट, असा पन्नाशीचा माणूस दवाखान्यात आला की त्याच्या यकृताचा विचार मनात यायलाच हवा.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार, जी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. यातल्या प्रत्येकाला यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनसाठी पुण्याला पाठवणं शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही. एक हिशेब इथे, टेबलावर, साध्या मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. त्याला ‘फिब-४’ म्हणतात. वयाला एसजीओटीने गुणायचं. प्लेटलेटच्या हजारांच्या आकड्याला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणायचं. पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागायचं. वय ५५, एसजीओटी ६०, एसजीपीटी ३६ आणि प्लेटलेट १ लाख १० हजार असलेला माणूस घ्या. पंचावन्न गुणिले साठ, ३३००. छत्तीसचं वर्गमूळ सहा, गुणिले ११०, म्हणजे ६६०. भागाकार ५. हा आकडा १.३ च्या खाली असेल (पासष्टीच्या पुढे २ च्या खाली), तर यकृतात गंभीर व्रण असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर गेला, तर माणूस पोटाच्या डॉक्टरकडे गेलाच पाहिजे. आपल्या उदाहरणातल्या माणसाचा एसजीपीटी अगदी बेताचा आहे. लॅबच्या कागदावर त्यासमोर बाण नसेल, आणि बाण नाही म्हणून ‘लिव्हर नॉर्मल’ सांगून त्याला घरी धाडलं जाईल. खरं तर त्याचा आकडा ५ आहे. कमी प्लेटलेट हे अनेकदा पाणथरी वाढल्याचं, म्हणजे यकृतातला दाब वाढल्याचं पहिलं लक्षण असतं. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये यकृतावरच्या चरबीचा आजार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. आपल्या आरोग्यवर्धिनी केंद्रांमध्ये मधुमेहाची वही आधीपासून आहे. त्याच वहीत फिब-४ चा एक रकाना वाढवावा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

आता प्रत्यारोपणाकडे वळू. अमेरिकेत थॉमस स्टार्झल यांनी १ मार्च १९६३ रोजी पहिला प्रयत्न केला तेव्हा रुग्ण टेबलावरच गेला. वर्षभर जगलेला पहिला रुग्ण १९६७ चा. भारतात अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८ मध्ये दिल्लीत, एका दीड-पावणेदोन वर्षांच्या मुलावर, वडिलांच्या यकृताचा तुकडा लावून झालं. आज पुण्यातच अनेक केंद्रं हे काम करतात. कुणाला किती तातडीची गरज आहे हे मोजायला २००२ पासून ‘मेल्ड’ नावाचा गुणांक वापरात आला. बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्याचा वेळ यांवरून तो काढतात, नंतर त्यात सोडियमही धरलं गेलं. ६ पासून ४० पर्यंत तो जातो, आणि १५ च्या आसपास पोचला की प्रत्यारोपण केंद्राशी बोलणं सुरू व्हावं, असा सर्वसाधारण संकेत आहे. या गुणांकात मधुमेहाला जागाच नाही. माणूस किती आजारी आहे हे मेल्ड सांगतो. तो शस्त्रक्रिया पेलेल का, पुढे पाच-दहा वर्षं नव्या यकृतासह नीट जगेल का, हे सांगत नाही. ती दुसरी बाजू डॉक्टरांना हाताने, एकेक अवयव तपासून भरावी लागते.

सुरुवात साखरेच्याच कागदापासून होते, आणि पहिली फसगतही तिथेच होते. घरची सून अभिमानाने तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए१सी, ५.६ आलेला रिपोर्ट पुढे करते. ग्लुकोमीटरवर जेवणानंतर दोन तासांनी २६० येतात. दोन्ही आकडे खरे आहेत. एचबीए१सी लाल पेशींवर चिकटलेली साखर मोजतो आणि लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, असं त्यात गृहीत आहे. सिरॉसिसमध्ये वाढलेली पाणथरी त्या पेशी लवकर मारते, रक्तस्राव होतो, रक्त चढवलेलं असतं. पेशी तरुण, म्हणून साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो आणि आकडा खोटा कमी येतो. शिवाय या रुग्णांची सकाळची उपाशीपोटीची साखर बरी दिसते, कारण यकृतातला साठा रात्रीतच संपलेला असतो, आणि जेवल्यावर ती उसळते. म्हणून रोजच्या चार वेळांची साखर एका वहीत लिहिलेली असणं हे प्रत्यारोपणाच्या डॉक्टरला महागड्या रिपोर्टपेक्षा जास्त उपयोगी पडतं. शाळेत जाणारी नात ती वही उत्तम ठेवते.

हृदयावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण मधुमेही रुग्ण नाकारला जाण्याचं किंवा फार उशीर होण्याचं मोठं कारण तिथे असतं. नवं यकृत बसवून रक्तवाहिनीचा चिमटा सोडला की थंड आणि पोटॅशियमने भरलेलं रक्त एकदम हृदयात येतं, रक्तदाब कोसळतो. त्या काही मिनिटांत हृदयाला तग धरावा लागतो. मधुमेहात हृदयाच्या धमन्या अरुंद झालेल्या असतात, पण नसा बधिर झाल्यामुळे छातीत दुखत नाही. दम लागतो, तो पोटातल्या पाण्याच्या खात्यावर टाकला जातो. ट्रेडमिलवर पळवून पाहावं, तर पाय सुजलेले आणि अंगात त्राण नसतं. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी दिलेल्या गोळ्या हृदयाचा वेग वाढू देत नाहीत, त्यामुळे तशीही ती तपासणी अर्धवटच ठरते. मग औषध देऊन केलेला स्ट्रेस इको, सीटी अँजिओग्राफी किंवा थेट अँजिओग्राफी, असा मार्ग निवडावा लागतो. आणि समजा अडथळा सापडला, स्टेंट टाकला, तर पुढचे काही महिने रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन-दोन गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. प्लेटलेट ५० हजार, अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा आणि वर या गोळ्या. त्या काळात प्रत्यारोपण पुढे ढकलावं लागतं, आणि खालावलेल्या माणसाकडे तेवढे महिने कधी कधी नसतात. हाच अडथळा मेल्ड १० असताना सापडला असता, तर सगळं सवडीने झालं असतं.

यातलीच एक बारीक गोष्ट. आपल्या दवाखान्यांतला ईसीजी ज्या कागदावर निघतो तो उष्णतेने उमटणारा कागद असतो. पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन-चार उन्हाळे काढले की त्यावरची रेघ फिकट होत जाते आणि शेवटी कोरा गुलाबी कागद हातात उरतो. पुण्यात हृदयरोगतज्ज्ञ जुना ईसीजी मागतो तो तुलनेसाठी, हा बदल आत्ताचा की पाच वर्षांपूर्वीचा हे कळावं म्हणून. ईसीजी काढला त्याच दिवशी त्याची झेरॉक्स काढा, मोबाइलमध्ये फोटो घ्या, मागे तारीख घाला.

मूत्रपिंडाच्या बाबतीतही कागदच कामाला येतात. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. स्नायू झडलेल्या सिरॉसिसच्या रुग्णात ०.९ हा आकडा निर्धोक दिसतो, पण मूत्रपिंडं निम्मी गेलेली असू शकतात. त्यातून एक अवघड प्रश्न उभा राहतो : मूत्रपिंडं मधुमेहाने कायमची खराब झाली आहेत, की खराब यकृतामुळे तात्पुरती मंदावली आहेत? तात्पुरती असतील, तर नवं यकृत मिळाल्यावर ती सावरतात. कायमची असतील, तर यकृताबरोबर मूत्रपिंडही बदलावं लागतं, नाहीतर प्रत्यारोपण यशस्वी होऊनही माणूस डायलिसिसवर जातो. हा फरक ओळखायला लघवीतली प्रथिनं, सोनोग्राफीतला मूत्रपिंडांचा आकार आणि डोळ्याच्या पडद्यावरच्या खुणा उपयोगी पडतात, पण सगळ्यात उपयोगी पडतात ते पाच-सहा वर्षांचे जुने क्रिएटिनिनचे रिपोर्ट, तारखेनुसार लावलेले. ते पुण्यातल्या कुठल्याच यंत्रातून निघत नाहीत. ते तुमच्या कपाटात असतात.

खाण्यापिण्याबद्दल बोलताना मला वाईट वाटतं, कारण इथे प्रेमापोटी सर्वांत जास्त नुकसान होतं. शुगर म्हणून भात बंद, गूळ-साखर बंद. कावीळ म्हणून तेल-तूप बंद, अंडी-मटण बंद, कुणी सांगितलं म्हणून डाळही बंद. माणूस उसाच्या रसावर, नाहीतर पातळ पेजेवर येतो. पोट पाण्याने तटतटलेलं असल्याने काट्यावर ६८ किलो दिसतात. दहा लिटर पाणी काढलं की ५८ उरतात, आणि मग कानशिलांतले खड्डे आणि दंडाची लोंबती कातडी दिसते. सिरॉसिसच्या माणसाचं शरीर एका रात्रीच्या उपासात जितकं स्वतःचे स्नायू खातं, तितकं धडधाकट माणसाचं दोन-तीन दिवसांच्या उपासात खातं. म्हणून त्याला दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, मधुमेह असला तरी, यकृतामुळे ‘भ्रम’ होत असला तरी. दूध आपल्याकडे दारात आहे. मटकी, हुलगे, डाळी आहेत, अंडी आहेत. मासवडी करताना तिखट-मीठ आवरलं, तर बेसन-तिळाची ती वडीही ताटात चालेल. मीठ मात्र खरंच कमी हवं. लोणचं, पापड, ठेचा यांना रजा द्यावी. आणि रात्री झोपण्याआधी काहीतरी खाल्लंच पाहिजे, भाकरी-दूध किंवा तत्सम. त्या खाण्याच्या हिशेबाने इन्सुलिन ठरवता येतं. इन्सुलिनच्या हिशेबाने खाणं कापायचं नसतं. वारकरी घरांत एकादशीचा प्रश्न नाजूक असतो. तिथे घरातल्या वडीलधाऱ्यांनीच ‘यंदापासून तुझा उपास आम्ही धरतो’ असं म्हणावं. हे मी काही घरांत होताना पाहिलं आहे आणि ते माणसाला फार धीर देऊन जातं.

स्नायूंची ताकद प्रत्यारोपण केंद्रात मोजतात : हाताची पकड, खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठणं, तोल सांभाळणं. दूधसंकलन केंद्रावर भरलेले कॅन उचलणारा गडी जेव्हा खुर्चीतून तिसऱ्यांदा उठताना थांबतो, तेव्हा घरच्यांना ते पाहवत नाही. पण ही परीक्षा इथे घरच्या ओसरीवर, महिन्या-महिन्याला घेता येते, आणि घसरण लवकर दिसली तर आहार-व्यायामाने ती बरीच थोपवता येते.

यकृतामुळे होणारा भ्रम आणि साखर उतरल्यामुळे होणारा गोंधळ दिसायला सारखेच. दोन्हींत माणूस असंबद्ध बोलतो, हात थरथरतात, झोपाळतो. रात्री दोन वाजता हातवीजला किंवा आहुप्याला हे झालं, तर गाडी शोधण्याआधी बोटाची साखर तपासा. ती ७० च्या खाली असेल आणि माणूस गिळू शकत असेल, तर साखरेचं पाणी तिथल्या तिथे द्या. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नका. गोळ्यांबद्दल एवढंच सांगतो, की पोटात पाणी झालेल्या, कावीळ चढलेल्या रुग्णाला आधीच्या शुगरच्या गोळ्या आपोआप चालू ठेवायच्या नसतात. मेटफॉर्मिनने रक्तात आम्ल साचू शकतं, साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या रात्री दगा देतात, काहींनी अंगावर पाणी चढतं. त्या टप्प्यावर बहुधा इन्सुलिनच बरं. ‘इन्सुलिन लागलं म्हणजे संपलं’ ही भीती काढून टाकणं हे फॅमिली डॉक्टरांचं काम आहे, त्यांचं लोक ऐकतात.

काविळीच्या झाडपाल्याबद्दल कटू वाटलं तरी बोलायला हवं. गुळवेलीचा काढा शुगरलाही चालतो, प्रतिकारशक्तीलाही चालतो, असं करोनाच्या काळात घरोघरी झालं. मुंबईच्या यकृततज्ज्ञ डॉ. आभा नगराळ आणि सहकाऱ्यांनी अशा काढ्यांनंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आपल्या डोंगरातल्या वनस्पतींचं ज्ञान मोठं आहे, त्याचा अनादर मला करायचा नाही. पण ज्याचं यकृत आधीच काठावर आहे त्याच्यावर कुठलाही काढा, चूर्ण, माळ-औषध आजमावू नये, आणि घेतलं असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नये. रागावतील म्हणून लपवतात, आणि निदान चुकतं.

संसर्गाचं असं आहे, की प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवावी लागते, म्हणून अंगात दडलेलं काहीही आधी निपटावं लागतं. किडके दात, नखातली बुरशी, जुना क्षय, पायाचा व्रण. पश्चिम पट्ट्यात जुलैमध्ये भाताच्या आवणीला माणसं अनवाणी चिखलात उभी असतात. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला काटा बोचलेला कळत नाही, कळतो तो वास सुटल्यावर. असा व्रण भरायला दोन-तीन महिने जातात, आणि तोवर प्रत्यारोपणाची तारीख धरता येत नाही. हिपॅटायटिस बी, न्यूमोनिया आणि फ्लूच्या लशी आधीच घेऊन ठेवाव्यात.

आणि आता दाता. भारतात यकृत बहुतेक वेळा जिवंत नातेवाइकाकडूनच मिळतं, आणि त्यात बायकांचं प्रमाण बरंच मोठं आहे : बायको, आई, बहीण, मुलगी. कायद्याने पती-पत्नी, आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा आणि नातवंडं ही जवळची नाती धरली आहेत. बाकीच्यांना प्राधिकार समितीपुढे जावं लागतं. उजवा भाग दिला, तर दात्याचं साठ-पासष्ट टक्के यकृत जातं. उरलेलं किमान तीस-पस्तीस टक्के असावं लागतं, आणि ते काही महिन्यांत जवळपास पूर्ववत वाढतं. रुग्णाच्या वजनाच्या ०.८ टक्के तरी तुकडा मिळायला हवा, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ५६० ग्रॅम. मधुमेही घराण्यात अडचण अशी, की जो मुलगा पुढे येतो त्याच्याच यकृतावर चरबी निघते, कधी त्याचीच साखर सीमेवर असते. घरच्यांना तो दुहेरी धक्का असतो. चरबीची गोष्ट पुष्कळदा सुधारते, काही आठवड्यांत नेटाने वजन उतरवून दाते योग्य ठरल्याची उदाहरणं केंद्रांना नवी नाहीत. मधुमेह निघाला तर मात्र दान बहुधा थांबतं, आणि ते योग्यच आहे. दात्याच्या जिवालाही धोका असतो. उजव्या भागाच्या दानात हजारात दोन ते पाच दाते दगावतात, असा जगभरचा अंदाज सांगितला जातो.

म्हणून दात्याशी, विशेषतः बायकोशी, एकटीशी बोलणं झालंच पाहिजे. सासरे, दीर, भाऊ सगळे भोवती बसलेले असताना ‘वहिनी, तुमची तयारी आहे ना?’ असं विचारलं, तर ‘हो’ याशिवाय दुसरं उत्तर तिला उपलब्धच नसतं. गावातल्या डॉक्टरीणबाई किंवा आशाताई तिला ओळखतात. पुण्याला नेण्याआधी त्यांनी तिला बाजूला घेऊन सांगावं, की नाही म्हणण्याचा हक्क शस्त्रक्रियेच्या सकाळपर्यंत तिचा आहे. ती नाही म्हणाली, तर तिच्या नावाने बोट दाखवलं जाऊ नये, एवढी काळजी डॉक्टर घेऊ शकतात.

मेंदूमृत दात्याचं यकृत मिळवायचं, तर रुग्णालयामार्फत पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत नाव लागतं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथेही अशी केंद्रं आहेत. फोन रात्री-अपरात्री येतो आणि काढलेलं यकृत बर्फात जेमतेम दहा-बारा तास चांगलं राहतं. मंचरहून पुणे साठेक किलोमीटर, जुन्नरहून नव्वदेक, पण चाकणच्या कोंडीत किलोमीटरना अर्थ उरत नाही, आणि पश्चिमेच्या वाड्यांवर फोनची रेंजच नसते. यादीत नाव असलेल्या माणसाने त्या काळात राजगुरुनगर-चाकणकडे किंवा पुण्यात कुणा नातलगाकडे मुक्कामाची सोय बघावी, निदान रेंज असलेल्या तीन जणांचे नंबर द्यावेत. पैशांबाबत, धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते आरोग्यमित्राकडून आणि रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाकडून तपासण्या सुरू होण्याआधी समजून घ्यावं. जमीन गहाण टाकण्याआधी तर नक्कीच.

शेवटचा भाग आहे घरी परतल्यानंतरचा, आणि पारख करताना त्याचाही विचार होतोच : हा माणूस, हे घर, पुढची वर्षं औषधं सांभाळेल का? नवं यकृत नाकारलं जाऊ नये म्हणून टॅक्रोलिमस आयुष्यभर घ्यावं लागतं. ते स्वादुपिंडातलं इन्सुलिन कमी करतं. सुरुवातीचे स्टिरॉइड दुपार-संध्याकाळची साखर वर नेतात. ज्याला आधी मधुमेह नव्हता त्यालाही तो होऊ शकतो, आणि ज्याचा होता त्याला काही काळ जास्त इन्सुलिन लागतं. याची कल्पना आधी दिली, तर घर घाबरत नाही. इथल्या डॉक्टरमित्रांना मात्र एक विनंती. असा रुग्ण ताप-खोकला घेऊन आला, तर क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन लिहू नका, बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल स्वतःहून सुरू करू नका, त्यांनी टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढते आणि मूत्रपिंडं धोक्यात येतात. क्षयाचं रिफॅम्पिसिन ती पातळी पाडतं. अंगदुखीला डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन देऊ नका. ताप १०० च्या वर असेल, तर गोळी देऊन उद्या बघू म्हणू नका. रुग्णाच्या फाईलच्या पहिल्याच पानावर पुण्याच्या प्रत्यारोपण समन्वयकाचा नंबर असतो, आधी तिकडे फोन करा आणि मगच चिठ्ठी लिहा.